लाइट आली, पण संगणक रेंगाळतो

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी लेथ थांबतात, प्रेस थांबतात, चहाच्या टपऱ्यांवर शुकशुकाट असतो, आणि महावितरणची माणसे खांबांची, तारांची, रोहित्रांची कामे बहुधा याच दिवशी उरकून घेतात. शुक्रवारी सकाळी शटर वर जाते, कुणीतरी मेन स्विच टाकतो, आणि बंद पडलेले सारे जग एकदम जागे होते. निदान तसे व्हावे अशी अपेक्षा असते.

अशाच एका शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचा भोसरीत चार प्रेसचा लहानसा कारखाना आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तो पुरवतो.

“सर, लाइट आली, मशिनी सुरू झाल्या, पण ऑफिसातले कॉम्प्युटर चालतच नाहीत हो. म्हणजे चालतात, पण हिशेबाची एकेक फाइल उघडायला दहा-दहा मिनिटं. बिल निघत नाही, बिलाशिवाय ई-वे बिल नाही, आणि टेम्पो भरून दारात उभा आहे. आमचा पोरगा म्हणतोय, फॉरमॅट मारू या.”

“त्याला आधी माउसवरचा हात काढायला सांग,” मी म्हणालो. “मी येतोच.”

आता तुम्ही विचाराल, की अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा फोन कशासाठी? त्याचे कारण असे, की या बाबतीत माझा हात एकदा चांगलाच पोळलेला आहे, आणि ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पोळल्यानंतर जे शिकलो तेच आज सांगणार आहे. टेम्पोचे काय झाले तेही सांगेन, पण ते शेवटी. कारण त्या दिवशीचे कोडे सुटण्यासाठी आधी दोन-चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आपला हा पट्टा विजेवर जगतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, आकुर्डी, तळेगाव, चाकण असा कारखान्यांचा विस्तार होत गेला. भारनियमनाची ती वर्षेही आपल्याला आठवत असतील. २००६ साली पुण्यातल्या मोठ्या कारखान्यांनी स्वतःचे जनित्र चालवून शहराची वीज वाचवण्याची योजना अंगावर घेतली होती. आज रोजचे भारनियमन राहिले नसले, तरी वीज जातेच. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे दाट धुके आणि दव यांमुळे लोणीकंद आणि चाकणकडच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झाला, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण हा सारा भाग सकाळीच अंधारात गेला. पत्रा कापणारा प्रेस अशा वेळी जिथल्या तिथे थांबतो आणि वीज आली की पुन्हा चालू लागतो. संगणकाचे तसे नसते. तो थांबतो तेव्हा काहीतरी लिहीत असतो.

हा मुद्दा नीट ध्यानात घेऊ. जुन्या पेढीवरचा मुनीम आठवा. दिवसभराचे व्यवहार तो आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. संगणकही असेच करतो. जे काम हातात आहे ते तो रॅम नावाच्या स्मरणात ठेवतो. ही स्मरणशक्ती वेगवान खरी, पण वीज असेपर्यंतच टिकणारी. वीज गेली की पाटी कोरी. कायमचे जे ठेवायचे ते डिस्कवर जाते. मात्र प्रत्येक अक्षर तत्काळ डिस्कवर जात नाही. थोडे साठले की एकदम लिहिले जाते. फाइल बदलण्याआधी ‘अमुक बदल करीत आहे’ अशी नोंद एका छोट्या वहीत केली जाते. हीच संगणकाची रोजकीर्द.

आता मुनीम खतावणी लिहीत असताना दिवा गेला अशी कल्पना करा. दिवा पुन्हा लागल्यावर तो काय करील? लगेच नवे गिऱ्हाईक घेईल? मुळीच नाही. आधी रोजकीर्द उघडील, कोणती नोंद चढली, कोणती अर्धी राहिली हे ताडून पाहील, आणि मग गादीवर नीट बसेल. वीज गेल्यानंतर पहिल्यांदा सुरू होणारा संगणक नेमके हेच करतो, आणि म्हणूनच तो आपल्याला मंद वाटतो. हा मंदपणा त्याच्या शहाणपणाचा भाग आहे.

आणखीही काही कारणे त्यात मिसळतात. विंडोज चालवणारा संगणक नीट बंद केला, तर तो आपल्या गाभ्याचे एक चित्र डिस्कवर जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्या चित्रावरून झटकन उभा राहतो. वीज अचानक गेली की ते चित्र तयारच होत नाही, आणि त्याला पायापासून उभे राहावे लागते. शिवाय अर्धवट राहिलेली अपडेट पुन्हा सुरू होतात, विषाणू शोधणारा प्रोग्रॅम तपासणीला लागतो, फाइलींची अनुक्रमणिका नव्याने बांधली जाते, आणि आपण आदल्या दिवशी उघडलेली इंटरनेटची वीस पाने ब्राउझर एकदम पुन्हा उघडू पाहतो. एवढी सगळी मंडळी एकाच दारातून आत शिरू लागली तर दारात कोंडी होणारच!

म्हणून पहिला उपाय म्हणजे थांबणे. संगणक सुरू करावा, कोणताही प्रोग्रॅम न उघडता अर्धा तास तसाच राहू द्यावा, मग नीट बंद करावा, पुन्हा सुरू करावा. कितीतरी संगणक एवढ्यानेच ताळ्यावर येतात. या अर्ध्या तासात आपण करू नये ती गोष्ट म्हणजे कंटाळून बटण दाबून तो पुन्हा बंद करणे. मुनीम वह्या ताडून पाहत असताना आपणच फुंकर मारून दिवा विझवण्यासारखे ते आहे.

अर्धा तास गेला, दुसऱ्यांदा सुरू केला, तरी संगणक रेंगाळतोच आहे. मग? मग आधी स्वतःच्या फाइली वाचवा. ही पायरी मी का इतक्या आग्रहाने सांगतो, ते माझ्या पोळलेल्या हाताच्या गोष्टीवरून कळेल.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या आमच्या खोलीतल्या संगणकावर मी एका वर्गाचे अंतर्गत परीक्षेचे गुण भरत होतो. सव्वाशेच्या आसपास मुले. संध्याकाळी वीज गेली, तासाभराने आली, आणि संगणक अतिशय मंद झाला. फाइल उघडत होती, बरे का! उघडायला पाच मिनिटे लागत होती, पण उघडत होती. मला वाटले, आता याची चांगली झडती घ्यावी. डिस्कचा कण न् कण तपासून दुरुस्त करण्याची आज्ञा असते, ती मी दिली आणि घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो डिस्क ओळखूच येत नव्हती. आधीच जखमी झालेल्या डिस्कला मी रात्रभर पळायला लावले होते. माझी ती फाइल चिमूटभर आकाराची होती. एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवायला त्या मंद संगणकालाही दहा मिनिटे पुरली असती.

उत्तरपत्रिका मुलांना परत दिलेल्या होत्या. त्या पुन्हा मागवल्या. बहुतेकांनी आणून दिल्या. तीन-चार जणांकडे त्या राहिल्याच नव्हत्या, आणि त्यांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली. त्यांतला एक मुलगा चाकणला रात्रपाळी करून सकाळी वर्गाला येत असे. पहिल्या खेपेला त्याला चांगले गुण मिळाले होते, हे मला आठवत होते; पण आठवण म्हणजे काही गुणपत्रक नव्हे. दुसऱ्या खेपेला त्याला कमी मिळाले. तो काही बोलला नाही. “असू द्या सर,” एवढेच म्हणाला. ते ‘असू द्या’ मला अजून ऐकू येते. बैल गेला नि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझा झोपा त्या दिवसापासून पक्का आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी थांबणे, मग फाइलींची प्रत काढणे, मग तपासणी, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी. फॉरमॅट म्हणजे तर घर पाडून पुन्हा बांधणे; गळते कुठे आहे हे पाहण्याआधी घर कुणी पाडत नाही.

तपासणी करायची म्हणजे काय करायचे? वैद्य आधी नाडी पाहतो. संगणकाची नाडी पाहण्याची सोय त्याच्यातच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मरण म्हणजे मेमरी, डिस्क आणि नेटवर्क अशा चार खात्यांवर किती भार आहे, ते टक्क्यांत दिसते. हा तक्ता दोन मिनिटे शांतपणे पाहावा. कोणते खाते शंभराला टेकले आहे, आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे? अपडेटचे किंवा विषाणू-तपासणीचे नाव वर दिसत असेल, तर संगणक कामात आहे, त्याला काम करू द्यावे.

डिस्कचे खाते सतत शंभर टक्क्यांवर, पण प्रत्यक्षात माहितीची ने-आण अगदी तुरळक, असे दिसले तर मात्र सावध व्हावे. हे जखमेचे लक्षण असू शकते. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारी सुई चकतीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगत असते. वीज गेली तर ही सुई आपोआप बाजूला जाऊन बसावी अशी योजना असते, आणि ती बहुधा यशस्वी होते. पण लिहिता लिहिता वीज गेली तर एखादा तुकडा अर्धवट राहतो. वारंवार असे झाले, किंवा डिस्क म्हातारी असली, तर काही जागा नीट वाचता येत नाहीत. तेव्हा डिस्क तीच जागा पुन:पुन्हा वाचून पाहते. एका ओळीवर अडखळलेला विद्यार्थी तीच ओळ दहादा वाचतो, आणि सारा वर्ग खोळंबतो, तसे होते. कट-कट असा आवाज येत असेल, तर तो संगणक ताबडतोब बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावा.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. तिला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात, आणि त्या वाचून दाखवणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. त्यात बदललेल्या जागा आणि बदलण्याच्या वाटेवर असलेल्या जागा असे दोन आकडे असतात. ते शून्य असतील तर उत्तम. दर आठवड्याला वाढत असतील तर नवी डिस्क घेण्याची वेळ आली असे समजावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या रोजनिशीतही पाहावे. तिथे ‘कर्नल-पॉवर’ या नावापुढे ४१ हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की संगणक नीट बंद न होता गेला. ते आपल्याला ठाऊकच आहे. पण ‘डिस्क’ या नावापुढे ७ हा आकडा पुन:पुन्हा दिसला, तर वाचता न येणारी जागा सापडली, असा त्याचा अर्थ होतो. फाइलींची प्रत काढून झाल्यावरच मग ‘चेकडिस्क’ची आज्ञा द्यावी. आधी साधी, केवळ फाइलींच्या नोंदींचा मेळ घालणारी. मी दिली होती तशी कण न् कण तपासणारी आज्ञा थकलेल्या डिस्कला देऊच नये. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्येही माहिती दुरुस्त करण्याची सोय असते. तीसुद्धा प्रत काढल्याशिवाय वापरू नये.

नव्या संगणकांत फिरत्या चकत्यांऐवजी एसएसडी असते. तिच्यात सुई नाही, चकती नाही. पण कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवली याचा एक नकाशा असतो, आणि वीज अचानक गेली तर हा नकाशा तिला पुन्हा जुळवावा लागू शकतो. तिलाही सुरुवातीचा अर्धा तास निवांत द्यावा. एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर ती एरवीही मंदावते, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवणे बरे.

डिस्क ठीक आहे आणि प्रोसेसर रेंगाळतो आहे असे दिसले, तर पंख्याकडे पाहा. प्रोसेसर फार तापला, म्हणजे साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या घरात गेला, की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. आपल्या कारखान्यांच्या हवेत धातूची बारीक भुकटी असते, तेलाचा धूर असतो. तो पंख्यावर बसून काळा राप तयार होतो. चालू असलेला असा पंखा कसाबसा फिरत राहतो. पण दिवसभर थंड पडला, की दुसऱ्या दिवशी त्याला फिरायला जोर पुरत नाही. दोष विजेचा वाटतो, असतो रापाचा. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर पाहावा. वीज परत येतानाच्या धक्क्याने चार्जर अर्धवट बिघडला, आणि लॅपटॉपला त्याची ओळख पटेनाशी झाली, तर पुष्कळ लॅपटॉप आपला वेग उतरवतात. दुसरा चार्जर लावून पाहिला की लगेच उलगडा होतो.

मेमरीचे खाते भरलेले दिसले, तर एकूण आकडा पाहावा. काल आठ जीबी होती आणि आज चारच दिसते, असे असेल तर रॅमची एक पट्टी संपर्क सोडून बसली आहे किंवा निकामी झाली आहे. संगणक बंद करून, तार काढून, पट्टी पुन्हा नीट बसवली की कित्येकदा काम होते.

आणि आता राहिली ती एक गंमत. चारही खाती पाहिली, चारही रिकामी. प्रोसेसर चार टक्के, डिस्क दोन टक्के, मेमरी निम्मी मोकळी, आणि तरीही संगणक रेंगाळतो आहे! हे काय गौडबंगाल? तर अशा वेळी संगणक कामातही नसतो, जखमीही नसतो, दमलेलाही नसतो. तो कुणाची तरी वाट पाहत असतो.

आमच्या भोसरीच्या कारखान्यात त्या शुक्रवारी नेमके हेच दिसले. ऑफिसात चार संगणक. चारही तपासले, चारही निरोगी, रिकामे. पत्र लिहायचे म्हटले तर झटकन लिहिता येई. हिशेबाची फाइल उघडली की मात्र घड्याळाचा काटा फिरत राही.

“अरे, ही हिशेबाची फाइल असते कुठे?” मी विचारले.

“सर, ती तिकडे, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. सगळे तिथूनच उघडतात. त्याला कुणी हात लावत नाही. पडदासुद्धा लावलेला नाही त्याला.”

पडदा लावला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उभ्या होत्या: तारीख-वेळ चुकली आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. तो बिचारा सकाळी आठपासून कुणीतरी बटण दाबील म्हणून थांबला होता, आणि बाकीचे चौघे त्याच्यासाठी थांबले होते!

त्याचे कारण असे. संगणकाच्या मुख्य पाटावर एक रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. सीआर-२०३२ या नावाने तो कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना तारीख, वेळ आणि मूळ मांडणी टिकवणे हे त्याचे काम. भिंतीतली वीज असेपर्यंत त्याच्यावर भार पडत नाही, म्हणून तो मेला तरी कळत नाही. गुरुवारी मेन स्विच दिवसभर बंद राहिला, की शुक्रवारी त्याचे पितळ उघडे पडते. कधी संगणक असा बटणासाठी अडून बसतो. कधी सुरू होतो, पण तारीख कित्येक वर्षे मागची धरतो. मग बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्या संकेतस्थळांच्या ओळखपत्रांची मुदत संगणकाच्या तारखेशी जुळत नाही. आपण मात्र इंटरनेट मंद आहे म्हणून बोटे मोडत बसतो. कधी मेमरीचा वेग किंवा डिस्कची मांडणी मूळपदावर जाते आणि संगणक खरोखरच मंदावतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहणे, ही म्हणूनच सर्वांत स्वस्त तपासणी.

एफ-वन दाबले, तारीख बरोबर केली, पाच मिनिटांत हिशेबाची फाइल चारही ठिकाणी उघडली. पोरगा जाऊन नवा सेल घेऊन आला. साडेदहाला बिल निघाले आणि टेम्पो चाकणच्या रस्त्याला लागला. मुख्य म्हणजे फॉरमॅट झाला नाही. मी पोहोचायला तासभर उशीर केला असता, तर त्या निरोगी संगणकांपैकी एकाची पाटी कोरी झाली असती, आणि दुखणे कोपऱ्यात तसेच उभे राहिले असते.

जिथे असे चार-पाच संगणक एकमेकांवर अवलंबून असतात, तिथे वीज आल्यावर ते एकदम सुरू करू नयेत. आधी राउटर आणि नेटवर्कचा स्विच, मग ज्याच्यावर फाइली आहेत तो संगणक. तो पूर्ण उभा राहिला असे डोळ्यांनी पाहावे, आणि मग बाकीचे.

आता थोडे काळजी घेण्याविषयी. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. वीज गेल्यावर संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो साधारण तेवढाच वेळ तग धरतो. म्हणजे दिवा लुकलुकला असे आपल्याला वाटते, तेवढ्यात संगणक पडलेला असतो. साधा यूपीएस काही मिलिसेकंदांत भार उचलतो, म्हणून तो हवाच. पण त्याचे काम तासभर संगणक चालवण्याचे नसून, नीट बंद करायला अवसर देण्याचे आहे. त्याची बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. महिन्यातून एकदा कामे बंद ठेवून यूपीएसची भिंतीतली पिन काढून पाहावी. पाच मिनिटे तग धरला नाही तर बॅटरी बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तापताना तो एकदम मोठा भार ओढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे बहुधा यूपीएसची खूण असलेले एक बटण असते. संगणकासाठी ते त्या बाजूला असावे, नाहीतर अदलाबदलीला लागणारा वेळ संगणकाला सोसत नाही.

वीज जाण्यापेक्षा वीज येण्याचा क्षण अधिक धोक्याचा. वसाहतीत वीज आली की शेकडो मोटरी आणि कंप्रेसर एका दमात सुरू होतात, आणि दाब वरखाली होतो. म्हणून वीज गेली की संगणकाचे बटण बंद करून ठेवावे, आणि आल्यावर पाच मिनिटे थांबून सुरू करावे. अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक दाब भरला, तर ते दुरुस्त करून घेण्याजोगे समजावे.

आणि बुधवारी संध्याकाळी, मेन स्विच खाली करण्याआधी, दिवसाच्या कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती संगणकापासून काढून ठेवावी. संगणकाला जोडलेली प्रत ही त्याच्याबरोबरच विजेचा धक्का खाणारी प्रत असते. माझा तो विद्यार्थी आता दर बुधवारी हे करतो. सहा वाजता प्रेस थांबतात, पोरगा फाइल उतरवतो, पेनड्राइव्ह मालकाच्या खिशात जातो आणि मग मेन स्विच पडतो. मीही महाविद्यालयात गुण भरून झाले की आधी प्रत काढतो, मग खुर्चीतून उठतो. संगणक नवा घेता येतो, डिस्क नवी घेता येते. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने एकदा लिहिलेला पेपर मात्र पुन्हा तसाच लिहून मागता येत नाही.